शेजारी तिसरी डबरखाण (दगडाची खाण) येतेय, हरकतीत कार्बन लिहू का धूळ?

डाळिंबवाला_दक्षिण:
राम राम मंडळी. दक्षिण सोलापूर तालुक्यात माझी तीन एकर भगवा डाळिंबाची बाग आहे. बांधाच्या पूर्वेला दोन डबरखाणी आणि एक खडी क्रशर आधीच आहे. आता तिसऱ्या खाणीचा अर्ज आलाय, ४.२ हेक्टरचा. नोटीस ग्रामपंचायतीत घरकुलाच्या यादीखाली दडवल्यासारखी लावलेली, पोरीला दिसली म्हणून कळलं.

हिवाळ्यात वारा पूर्वेकडून येतो. सकाळी पानावर अंगठा ओढला की मधोमध हिरवी रेघ उमटते आणि अंगठा राखाडी होतो. औषध मारायच्या आधी नुसत्या पाण्याचा एक फवारा द्यावा लागतो, नाहीतर औषध धुळीवरच बसतं. ते पाणी विकतच्या टँकरचं. हुरड्याला पाहुणे आले होते, तर भाचा म्हणतो, मामा, दाताखाली कचकचतंय.

खाणवाल्याच्या सल्लागाराच्या अहवालात हवेला दीड पान दिलंय. धूळ घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत राहील, हरितगृह वायू नगण्य, संपलं. डिझेल रोज ३०० लिटर दाखवलंय. पोरगी अकरावीला आहे, ती म्हणते, बाबा, कार्बनवर हरकत घ्या. घेऊ का?

जुना_मुनीम:
अण्णा, मी नऊ वर्षं क्रशरवर हिशेब लिहिला, नाव विचारू नका. तो ६०० चा आकडा यंत्रापासून ३ ते १० मीटरवर मोजायचा असतो. तुमच्या बागेला तो लावताच येत नाही. तिथं पीएम १० चं, म्हणजे हवेतल्या बारीक धुळीचं, २४ तासांचं प्रमाण १०० मायक्रोग्रॅम, वर्षाची सरासरी ६०. अहवालात हवा मोजायचं यंत्र कुठं ठेवलं होतं ते बघा. खाणीच्या पूर्वेला असेल तर हिवाळ्यात तिथं धूळ येणारच कशी? आमच्याकडं पाण्याचे फवारे साहेब येणार त्याच दिवशी चालू व्हायचे. एरवी मोटार जळालेली.

गणित_मास्तर:
लिटरला साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. ३०० लिटरचे रोजचे ८०० किलो, तीनशे दिवसांचे २४० टन. आपलं फताटेवाडीचं १३२० मेगावॅटचं वीजकेंद्र पूर्ण क्षमतेनं चाललं तर एवढं जेमतेम पाव तासात सोडतं. सिमेंटसाठी चुनखडी भाजली की दगडातूनच वायू निघतो, आपल्या काळ्या दगडाचं तसं नाही. म्हणून कार्बनवर भर दिला तर समोरचा हसेल. फक्त एक विचारा: ३०० लिटरमध्ये हायवा, म्हणजे खडीचे मोठे ट्रक, धरलेत का? बहुतेक पोकलेन आणि कंप्रेसरच असणार. खडी वाहून नेण्याचं डिझेल कागदावर कुणाचंच नसतं.

गटनंबर:
धूळ, कार्बन नंतर. आधी अंतर मोजा! एका खाणीच्या हद्दीपासून दुसरीची हद्द ५०० मीटरच्या आत असेल तर तो समूह होतो. एकूण क्षेत्र ५ हेक्टरच्या वर गेलं की सविस्तर पर्यावरण अहवाल आणि जनसुनावणी लागते. ४.२ चा आकडा उगीच नाही येत, भाऊ. मात्र १५ जानेवारी २०१६ पर्यंत पर्यावरण मंजुरी मिळालेल्या खाणी या बेरजेत धरत नाहीत, तेव्हा दोन्ही जुन्या खाणींच्या मंजुरीची तारीख माहिती अधिकारात मागवा. जनसुनावणी लागली तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला किमान ३० दिवस आधी जाहीर करावी लागते. तेव्हा तो अंगठा दाखवा सगळ्यांना.

डाळिंबवाला_दक्षिण:
उपकार झाले. गटनकाशावर नव्या खाणीच्या हद्दीपासून मोजलं, जवळची खाण २१० मीटर, लांबची ३८०. एकीची मंजुरी २०१९ ची निघाली. दुसरीची फाईल "सापडत नाही" म्हणे. यंत्र पूर्वेलाच ठेवलं होतं, मुनीमकाका. पोरीला पाव तासाचं गणित सांगितलं, तर फुगून बसली. आता वही घेऊन फाट्यावर हायवा मोजतेय. काल दुपारपर्यंत ४१.