मदत हवी आहे: मॅच हरला की मुलगा घरी कोणाशी बोलत नाही

डिचोलीची_आई
मुलगा हरून आला की दार लावून बसतो. जेवत नाही, काही विचारलं की अंगावर येतो. रविवारी तर बॅग ओसरीवर भिरकावली आणि "मी परत जाणार नाही" म्हणाला. पूर्वी असा नव्हता. शनिवारी पुढची मॅच आहे, त्यामुळे जरा लवकर सांगा. "हार-जीत चालायचीच" हे सांगून झालंय, उपयोग शून्य.

फोंड्याचा_दादा
ताई, खेळ कुठला? वय किती? टीम हरली म्हणून चिडतो, की स्वतः नीट खेळला नाही म्हणून? दोन्हींचे उपाय वेगळे.

सकाळचा_योग
पहाटे उठवा, बारा सूर्यनमस्कार, मग अनुलोम-विलोम. माझ्या पुतण्याचा राग यानेच गेला. मोबाईल काढून घ्या.

डिचोलीची_आई
मोबाईल त्याच्याकडे नाहीच. फुटबॉल हो, आणखी काय! बारा वर्षांचा आहे.

मडगाव_मिडफिल्ड
कुठल्या जागी खेळतो?

डिचोलीची_आई
गोलकीपर. त्याने काय फरक पडतो?

मडगाव_मिडफिल्ड
फार पडतो. स्ट्रायकरने तीन चान्स घालवले आणि चौथा मारला तर पोरं त्याला खांद्यावर घेतात. कीपरने सहा अडवले आणि सातवा सुटला तर घरी जाताना सगळे सातव्याबद्दलच बोलतात. मी शाळेत असताना दोन वर्षं कीपर होतो, म्हणून सांगतो. अजून एक, गोल केवढा आहे? मोठ्यांचा गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच असतो. बारा वर्षांच्या मुलाचा हात वर पोचतच नाही.

डिचोलीची_आई
मोठाच आहे. रविवारी चार बसले, त्यातले दोन डोक्यावरून. आणि हो, दुसऱ्या गोलनंतर बाहेरून एक पालक "कीपर बदला" म्हणून ओरडत होते. आमच्याच टीमचे.

फोंड्याचा_दादा
हे आधी सांगायचं होतं! हरण्यापेक्षा तेच त्याला लागलंय. मी लहान मुलांना शिकवतो, पालकांना लाइनपासून लांब बसवतो. टाळ्या वाजवा, नावं घेऊन ओरडायचं नाही.

जुना_डिफेंडर
आम्ही भात कापलेल्या शेतात अनवाणी खेळलो, शिव्या खाल्ल्या, कोणी दार लावून बसलं नाही. बाहेरचे ओरडणारच. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर तर हजारो ओरडतात. एफसी गोवाचा कीपर लक्ष्मीकांत कट्टीमणी आठवा. २०१५ ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनल, आपण २-१ पुढे, ९० व्या मिनिटाला त्याच्याच नावावर स्वयंगोल लागला, लगेच चेन्नईने तिसरा मारला. ३-२ हरलो. २०२२ ला त्याच मैदानावर, हैदराबादकडून, फायनलच्या शूटआउटमध्ये त्याने तीन पेनल्टी अडवल्या. याला म्हणतात कातडी जाड असणं.

फोंड्याचा_दादा
काका, तेच उदाहरण मी उलटं वाचतो. त्या स्वयंगोलनंतर एफसी गोवाने त्याला काढलं नाही, पुढेही खेळवलं. मोठ्या माणसालाही कोणीतरी पाठीशी लागतं. इथे बारा वर्षांच्या पोराला आपल्याच माणसांसमोर बदलायला सांगतायत.

जुना_डिफेंडर
पाठीशी राहा, नको कुठे म्हटलं? पण कडेवर घेऊ नका.

पेडण्याचा_पालक
सोडू देऊ नका. आपल्या बोर्डात दहावी-बारावीला खेळाचे गुण मिळतात. सर्टिफिकेटं फाइल करून ठेवा. आणि पावसात रबरी स्टडचेच बूट घ्या.

डिचोलीची_आई
दहावीला वेळ आहे हो. शनिवारचं सांगा कोणीतरी.

मडगाव_मिडफिल्ड
सांगतो.

स्कूटरवर घरी येताना मॅचबद्दल अक्षर काढू नका. त्याची भूक जाग्यावर आली की तो स्वतः बोलेल. बोलला की "छान खेळलास" म्हणू नका, मुलांना खोटं लगेच कळतं. नेमकं काही सांगा: "तो कॉर्नर तू पुढे येऊन मुठीने मारलास."

मग चारही गोल कागदावर काढायला सांगा, बॉल पहिल्यांदा कुठे गेला तिथपासून. मधे कोणीतरी पास चुकवलेला असतो, बॅकने, म्हणजे डिफेंडरने, समोरचा माणूस सोडलेला असतो, मग कीपर. कीपर त्या ओळीत शेवटचा. दुसऱ्यांवर ढकलायला नाही, पण आपल्या वाट्याचं किती ते त्याला दिसू दे. डोक्यावरून गेलेले दोन तर आजच कागदावरून खोडून टाका.

आणि गोल बसल्यावर करायची एक ठरलेली कृती द्या. मला कोचने दिली होती: बॉल जाळीतून काढून मधे फेकायचा, ग्लोव्हचा पट्टा सोडून पुन्हा घट्ट लावायचा, पोस्टला हात लावायचा आणि जवळच्या बॅकला मोठ्याने काहीतरी सांगायचं. "डावा सांभाळ" एवढं पुरे. आवाज फुटला की मान वर येते. पहिले काही दिवस मला ते नाटकी वाटायचं, मग हात आपोआप पट्ट्याकडे जायचा.

फोंड्याचा_दादा
याला शंभर टक्के दुजोरा. शिवाय कोचना विचारा, एक हाफ कीपर आणि एक हाफ मैदानात खेळवतील का. या वयात एकाच जागी बांधून ठेवू नये. दुसरा मुलगाही गोलमध्ये उभा राहिला की टीमला कळतं तिथून काय दिसतं.

जुना_डिफेंडर
हे मात्र पटलं. त्या पालकालाही एकदा ग्लोव्ह घालून उभं करा.

डिचोलीची_आई
कोचशी बोलले. हाफ वाटून खेळवायला तयार आहेत, पालकांनाही सांगणार म्हणाले. कागद काढला तर मुलाने तिसऱ्या गोलवर स्वतःच बोट ठेवलं, "हा माझा, हातातून सुटला." बाकीच्यांवर तासभर बोलत होता. आता विचारतोय, हातातून सुटू नये म्हणून घरी काय करू? अंगण छोटं आहे.

मडगाव_मिडफिल्ड
भिंत पुरे. दोन-तीन मीटरवर उभा राहून बॉल भिंतीवर मारायचा आणि परतलेला छातीच्या उंचीवर पकडायचा. अंगठे जवळजवळ टेकलेले, बोटं पसरलेली, पंजे बॉलच्या मागे. पकडला की लगेच छातीशी. जमायला लागलं की टेनिसचा बॉल द्या. शनिवारचं कळवा.