ओट्याचा काळा दगड: डाइक कापत राहायच्या का?

दगडफूल: ओट्यासाठी काळा ग्रॅनाईट बघायला गेले होते. बिनपॉलिशच्या कडेजवळ दोऱ्याला बांधलेला लोहचुंबक धरला, तर तो दगडाकडे झुकला. हा ग्रॅनाईट नव्हेच, मॅग्नेटाइट हे लोहाचं चुंबकीय खनिज असलेला डोलेराइट, म्हणजे शिलारस गोठून झालेला काळा खडक. बाजारातला असा बराच दगड कर्नाटकातल्या कुणिगल, चामराजनगरसारख्या भागांतल्या डाइकमधून येतो. जुन्या खडकाला तडे गेले, खालून शिलारस चढला आणि तिथेच गोठला, त्या उभ्या भिंती म्हणजे डाइक. बंगळुरू भागातल्या पूर्व-पश्चिम डाइक सुमारे २३७ कोटी वर्षांच्या आहेत! एकाच काळात बनलेल्या डाइकच्या प्रत्येक समूहातली एक तरी राखून ठेवा. बंगळुरूच्या लालबागेतला नाइस हा जुना खडक राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक होतो, मग ही का नाही?

खाणवाट: ताई, पंधरा वर्षं खाणीत काढली म्हणून बोलतो. या डाइक शेकडो किलोमीटर पसरल्यात, संपत नाहीत. उघड्यावरचा दगड कांद्यासारखा सोलत जातो, ताजा दगड खाणीतच दिसतो. वय काढायला बॅडेलियाइट या खनिजाचे कण लागतात, ते मधल्या जाड दाण्याच्या भागात सापडतात आणि तो भाग आम्हीच उघडा करतो. टाकाऊ ढीग पडलेत, हवे तेवढे नमुने न्या.

उत्तरमुख: ढिगातल्या दगडावरून वय निघेल, दिशा नाही निघणार. गोठताना मॅग्नेटाइटने त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. २३७ कोटींच्या डाइकमध्ये ती बरीच उभी आहे, आणि चुंबकीय क्षेत्र ध्रुवाजवळच असं उभं असतं; म्हणजे धारवाड नावाचा दक्षिण भारतातला हा प्राचीन भूभाग तेव्हा ध्रुवाकडे होता. हे समजायला नमुना जागेवरच उत्तर दिशा आखून काढावा लागतो. डाइकच्या शिलारसाने भाजलेला शेजारचा खडकही हवा. त्यात डाइकचीच दिशा आणि लांबच्या खडकात वेगळी मिळाली, तर दिशा गोठतानाची, मूळची हे पक्कं होतं. नेमकी ही कडच तुमच्या ढिगाखाली जाते.

खाणवाट: कडेचं पटलं. तिथला दाणा फार बारीक, आमच्या दृष्टीने तो मालच नाही, तेव्हा एक कड मोकळी ठेवता येईल. पण अख्खी डाइक बंद करा म्हणाल तर विरोध राहील. आसपासची गावं या कामावर जगतात.

तापीकाठ: आमच्या धुळे-नंदुरबारच्या डाइक दख्खनच्या लाव्हाच्या काळातल्या, साधारण ६.६ कोटी वर्षांच्या. शेतांमधून भिंतीसारख्या जातात. काही भूजल अडवतात, तडकलेल्या काही पाणी देतात. विहिरीसाठी जागा बघताना आधी डाइक बघावी लागते. माझ्या मते राखायच्या तर आधी पाण्यासाठी राखा.

दगडफूल: खाणवाट, नुसती कड नको. डाइकपासून न भाजलेल्या खडकापर्यंतचा सलग पट्टा सोडाल का?