शस्त्रक्रियेच्या व्रणावर टॅटू काढून घ्यावा की नाही? अनुभवी व्यक्तींचा सल्ला हवा आहे

नमस्कार. माझ्या उजव्या हातावर कोपराच्या खालून मनगटापर्यंत येणारा शस्त्रक्रियेचा एक जुना व्रण आहे आणि त्यावर टॅटू काढून घ्यावा की न घ्यावा, हे मला ठरवायचे आहे. या विषयावर मी पुष्कळ वाचले आहे, घरात चर्चाही झाली आहे, तरी मनाचा निश्चय होत नाही. ज्यांनी व्रणावर टॅटू काढून घेतला आहे, काढता काढता थांबले आहेत किंवा या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

आधी परिस्थिती सांगते. काही वर्षांपूर्वी हाताचे हाड मोडले, तेव्हा ते प्लेट आणि स्क्रू घालून जोडावे लागले. हात आता व्यवस्थित चालतो. व्रण म्हणजे जवळजवळ सरळ रेघ आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना टाक्यांचे बारीक ठिपके आहेत. मनगटाकडचा भाग सपाट आणि फिका झाला आहे. कोपराजवळचा दोन बोटे लांबीचा भाग मात्र अजून उंचावलेला आणि चकचकीत असून थंडीत तो जांभळट दिसतो. रेघेच्या एका बाजूची त्वचा थोडी बधिर आहे, तर दुसऱ्या बाजूला बाहीची शिवण घासली तरी झिणझिण्या येतात.

माझ्या मनात जे चित्र आहे त्यात व्रणाची रेघ हाच वेलीचा ताणा आहे आणि टाक्यांच्या ठिपक्यांपासून लहान पाने फुटतात. व्रण झाकणे हा माझा हेतू नाही. ही रेघ माझ्या हातावर कोणीतरी नाइलाजाने काढली, तिच्याभोवतीचे उरलेले चित्र मी स्वतः निवडावे, अशी ओढ मला वाटते आणि ती गेल्या बऱ्याच काळात कमी झालेली नाही. एका परिचितांनी त्वचेच्या रंगाच्या शाईने व्रण पुसट करून घेण्याचा पर्याय सुचवला होता. तो मी बाजूला ठेवला आहे, कारण उन्हाने आजूबाजूची त्वचा सावळी होते पण शाईचा रंग तसा बदलत नाही. शिवाय अशा फिक्या शायांमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड किंवा लोहाचे ऑक्साइड असते आणि पुढे लेझरने ती शाई काढायला गेल्यास उलट काळी पडू शकते.

आता अडचणींकडे येते. टॅटूची सुई बाह्यत्वचा ओलांडून साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल, अंतस्त्वचेत शाई सोडते. बाह्यत्वचेच्या पेशी सतत झडत असतात, म्हणून शाई त्याखाली पोहोचली तरच ती टिकते. तिथे मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी रंगाचे कण गिळून ठेवतात. 2018 साली फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की या पेशी मेल्या की त्यांतून सुटलेले कण नव्या पेशी पुन्हा गिळतात आणि त्यामुळे चित्र जागच्या जागी राहते. हे सगळे निरोगी त्वचेबाबत झाले. व्रणाची ऊती वेगळी असते. तिच्यातील कोलॅजनचे, म्हणजे त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे तंतू एकाच दिशेने दाटीने बसलेले असतात, जाडी ठिकठिकाणी बदलते आणि त्यामुळे शाई एका जागी नीट धरत नाही, तर शेजारीच पसरून रेषा धूसर होते. माझ्या चित्रात पानांच्या कडा बारीक आहेत. त्या व्रणाला जिथे टेकतात तिथेच त्या फिसकटल्या, तर सगळा उद्देशच फसेल.

याहून मोठी भीती केलॉइडची, म्हणजे मूळ जखमेच्या बाहेरही वाढत जाणाऱ्या जाड व्रणाची आहे. माझ्या सख्ख्या बहिणीला कान टोचल्यानंतर पाळीवर केलॉइड झाला होता आणि ही प्रवृत्ती कुटुंबात चालत येते, हे आता माहीत आहे. माझ्या व्रणाचा उंचावलेला भाग मूळ रेघेच्या बाहेर गेलेला नाही, त्यामुळे तो केलॉइड नसून नुसता जाड झालेला व्रण असावा, असे त्वचारोगतज्ज्ञांचे म्हणणे पडले. मात्र त्याच जागी हजारो वेळा सुई टोचल्यावर तो कसा वागेल, याची खात्री कोणीही देऊ शकत नाही, हेही त्यांनी स्पष्टपणे सांगितले. त्यांनी सुचवलेला मार्ग असा की व्रणाच्या सपाट भागावर आधी दोन-तीन ठिपकेच काढून घ्यावेत, काही महिने थांबावे, आणि तिथे उंचवटा, खाज किंवा लाली आली नाही तरच पुढचा विचार करावा. मला हा मार्ग पटतो. फक्त हे ठिपके उंचावलेल्या भागाबद्दल काही सांगतील का, याविषयी मी साशंक आहे.

दुसरी गोष्ट माझ्या वाचनात कुठेही आली नव्हती. ती मला हाडांच्या डॉक्टरांकडून समजली. पुढे कधी प्लेट काढावी लागली, तर शक्यतो जुन्या व्रणातूनच पुन्हा छेद दिला जातो. म्हणजे वेलीचा ताणाच चिरला जाईल आणि पुन्हा टाके घातल्यावर दोन्ही काठ तंतोतंत जुळतीलच असे नाही. सध्या प्लेटचा काहीच त्रास नसल्याने ती काढण्याची गरज त्यांना वाटत नाही. तरीही त्वचेखाली धातू असताना जंतुसंसर्ग होणे परवडणारे नाही, असे सांगून त्यांनी स्वच्छतेवर फार भर दिला. त्यानंतर मी टॅटू स्टुडिओ पाहताना चित्रांच्या आधी त्याच गोष्टी विचारू लागले आहे. सुया एकदाच वापरायच्या आणि माझ्यासमोर पाकीट फोडून काढलेल्या आहेत का, पुन्हा वापरायची उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालील वाफेच्या यंत्रात, निर्जंतुक होतात का, शाई छोट्या वेगळ्या कपात ओतून उरलेली फेकून देतात का, आणि शाईची बाटली कधी उघडली हे लिहिलेले आहे का. एका ठिकाणी या प्रश्नांची उत्तरे न विचारताच दाखवली गेली आणि तिथल्या कलाकाराने व्रणाला बोट लावून, डोळे मिटून, त्याची जाडी सावकाश तपासली. माझा त्यांच्यावर विश्वास बसला आहे. त्यांनीच उंचावलेल्या भागाला हात न लावता पाने त्याच्या बाजूने वळवण्याचा आराखडा करून दिला.

रंगांचा प्रश्न मी सोडवला आहे. फक्त काळी शाई. लाल रंगाची ॲलर्जी सर्वांत जास्त आढळते आणि ती काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही उद्भवू शकते. वेलीला शोभणाऱ्या हिरव्याचा मोह होता, पण युरोपीय संघाने जानेवारी 2022 पासून टॅटूच्या शायांमधील हजारो रसायनांवर निर्बंध आणले आणि 2023 पासून एक फार वापरातले निळे व एक हिरवे रंगद्रव्यही त्यात आले, हे वाचल्यावर तो मोह आवरला. निर्बंध म्हणजे अपाय सिद्ध झाला असे नव्हे, हे मला कळते. परंतु जिथे निवड माझ्या हातात आहे तिथे मी सावध राहीन. लेझरने काढायची वेळ आलीच, तर काळी शाईच त्याला सर्वांत चांगली दाद देते.

जाता जाता एक नोंद. 1991 साली आल्प्समध्ये बर्फात सापडलेल्या सुमारे 5300 वर्षांपूर्वीच्या माणसाच्या शरीरावर 61 टॅटू आहेत. त्यांतील बरेचसे साध्या रेघांचे असून कंबर, गुडघे, घोटे अशा झिजलेल्या सांध्यांजवळ आहेत, म्हणून ते दुखण्यावरचे उपचार असावेत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. दुखावलेल्या हाडाच्या जागी रेघ काढावीशी वाटणे इतके जुने असू शकते, याने मला खरोखर धीर आला.

राहिला प्रश्न लोकांचा. व्रण पाहून आज लोक विचारतात आणि मी एका वाक्यात उत्तर देते. टॅटू झाल्यावर तेच लोक चित्राबद्दल विचारतील आणि मग उत्तर लांबेल. यजमानांचे म्हणणे असे की चित्रामुळे मी तो अपघात रोज पुन्हा आठवत बसेन. मला तसे वाटत नाही, तरी त्यांचे म्हणणे मी झटकून टाकलेले नाही. त्यासाठी चित्राचा तात्पुरता स्टिकर छापून हातावर लावून पाहते आहे. काळ्या मेंदीच्या नावाखाली जे विकले जाते ते टाळले, कारण त्यात बहुधा केसांच्या कलपातले पीपीडी नावाचे रसायन असते आणि त्याने त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. स्टिकर लावलेल्या दिवसांत माझे लक्ष पानांकडे जास्त जाते, असे आतापर्यंत तरी आढळले आहे.

आता नेमके विचारते. ज्यांच्या घरात केलॉइडची प्रवृत्ती आहे आणि तरीही ज्यांनी व्रणाच्या जवळ टॅटू काढून घेतला, त्यांना काही वर्षांनंतर काय दिसले? चाचणीचे ठिपके चांगले निघूनही पुढे पूर्ण चित्रात त्रास झाला, असे कोणाच्या बाबतीत घडले आहे का? बधिर आणि झिणझिण्यांच्या भागावर सुई कशी जाणवली? आणि ज्यांच्या टॅटूमधून नंतर शस्त्रक्रियेचा छेद गेला, त्यांनी तो पुन्हा जुळवून घेतला का, त्यासाठी किती काळ थांबावे लागले? पुढच्या महिन्यात हाडांच्या डॉक्टरांकडे एक्स-रे दाखवायला जायचे आहे. प्लेट ठेवायची की काढायची, हे त्यांच्याकडून कायमचे ठरवून घेण्याआधी चाचणीचे ठिपकेसुद्धा काढू नयेत, असे मला वाटते. यात कोणाचे मत वेगळे असेल, तर कारणासह जरूर सांगावे.