लग्नाची चाळिशी, मुंबई, आणि गाडी नको

(जळगावच्या एका सोसायटीचा ग्रुप, गुरुवार संध्याकाळ)

महाजन, अ-३०३: सगळ्यांना नमस्कार. परवा मी विचारलं होतं की आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होताहेत, दोघंच मुंबईला जाताहेत, तर जेवायला कुठं पाठवू. बावीस नावं आली. सगळ्यांचे आभार. पण एक वांद्र्याला, एक ठाण्याला, एक वाशीला, एक कुलाब्याला. त्यांच्याकडे गाडी नाही, आईचा गुडघा तुम्हाला माहीतच आहे. ही यादी घेऊन ती दोघं करणार काय?

भंगाळे काका, ब-१०१: इनोव्हा ठरवा. माझा ओळखीचा ड्रायव्हर आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत सुरू आहे, कसाऱ्याचा घाटच नाही आता.

महाजन, अ-३०३: काका, गाडी नको हे बाबांचंच म्हणणं आहे. ४२० किलोमीटर बसून आईचे पाय सुजतात. नाशिकला काय झालं ते तुम्ही पाह्यलंय.

चौधरी काकू, अ-२०१: हो रे बापा. त्या दिवशी त्या हॉटेलचा दरवाजाच बंद, दुपारचे तीन वाजलेले, आणि दुसरं हॉटेल दोन किलोमीटरवर. काकू फुटपाथवर बसून होत्या. परत तसं नको.

सोनवणे, क-४०२: मी काय सांगस, मुंबई सोडा! आसोद्याकडे शेतात भरीत पार्टी करू. कळण्याची भाकरी, हिरव्या मिरच्या, वरून कच्चं तेल. चाळिशी अशी साजरी होते भो.

झोपे वहिनी, ब-३०२: भाऊ, भरिताला आम्ही कधीही येऊ. पण काकूंनी चाळीस वर्षं भरीतच भाजलंय. 😄 त्यांना दुसऱ्याच्या हातचं खाऊ द्या.

सेक्रेटरी: विनंती. हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. तसंच क विंगच्या मोटारीची वेळ उद्यापासून सकाळी सहा.

राणे, क-१०३: साहेब, सहाला मोटार लागते आणि आमच्याकडे पाणी सातला येतं. व्हॉल्व्हचं काय झालं?

जोशी ताई, अ-४०४: महाजनदादा, मी दादरला सात वर्षं राह्यलेय, म्हणून सांगते. नावांच्या मागे लागू नका. आधी एक भाग धरा, मुक्काम तिथेच करा, आणि जे पायी सापडेल तेच खा. रात्रीची अमरावती एक्स्प्रेस धरली तर सकाळी दादरला उतरता येतं. मुक्काम दादर पूर्वेला. तिथून माटुंगा अगदी जवळ, आणि माटुंग्यात खायला इतकं आहे की दोन दिवस पुरत नाहीत.

भंगाळे काका, ब-१०१: दादरला उतरून टॅक्सीवाले लुटतात. इनोव्हा ठरवा, दारातून दारात.

जोशी ताई, अ-४०४: काका, इनोव्हा दादरला उभी कुठे करणार? तिथल्या लोकांनाच स्वतःची गाडी लावायला जागा मिळत नाही. आणि टॅक्सी मीटरने चालते, सुरुवातीचं भाडं ३१ रुपये. रिक्षा मात्र मुंबईच्या त्या भागात येतच नाही, सायन-माहीमपर्यंतच. हे काका-काकूंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर रिक्षा शोधत उभे राहतील.

महाजन, अ-३०३: ताई, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. पुढे सांगा.

जोशी ताई, अ-४०४: दादर टीटीवरून आंबेडकर रोडने बस सरळ महेश्वरी उद्यानापाशी जाते. साधी बस दहा रुपये. स्टेशनचे जिने चढायचेच नाहीत. उद्यानापाशी कॅफे मद्रास, १९४० पासूनचं. रसम इडली, रागी डोसा, आणि काकांना फिल्टर कॉफी. गर्दी असते, बाहेर नाव लिहून थांबावं लागतं, म्हणून सकाळी लवकर. माटुंगा स्टेशनजवळ राम आश्रय, १९३९ चं. पहाटेपासून उघडं असतं, त्यामुळे गाडीतून उतरून थेट तिथे गेलं तरी चालेल. तिथला अननसाचा शिरा काकूंना आवडेल. मधे फुलांची दुकानं, तिथल्या बायका वेणीत घालतात ते गजरे. जवळच पाच उद्यानं, सावलीत बसायला बाकं.

झोपे वहिनी, ब-३०२: ताई, वाचूनच भूक लागली.

राणे, क-१०३: व्हॉल्व्हचं काय झालं?

पाटील, ब-२०३: मुंबईत जाऊन इडली? ती तर आपल्याकडेही मिळते. समुद्राकाठी जाताहेत तर मासे खा. दादर पश्चिमेला सिंधुदुर्ग हॉटेल आहे ना.

महाजन, अ-३०३: पाटील साहेब, लग्नाचा वाढदिवस सोमवारी आहे. आईचा सोमवार असतो.

चौधरी काकू, अ-२०१: लग्नाआधीपासून धरलाय तो सोमवार. आजारपणातसुद्धा मोडला नाही.

जोशी ताई, अ-४०४: अरे थांबा, सोमवार?? कॅफे मद्रास सोमवारी बंद असतं. माटुंग्यातलंच रामा नायकांचं श्रीकृष्ण बोर्डिंग, जेवणाचं, तेसुद्धा सोमवारी बंद.

महाजन, अ-३०३: म्हणजे पुन्हा नाशिक.

जोशी ताई, अ-४०४: नाही हो. शनिवारी रात्री निघायचं. रविवार माटुंगा, सोमवार दादर पश्चिम. सोमवारी उपास आहे तर उलट सोपं. शिवाजी पार्कच्या बाजूला प्रकाश हॉटेलचा साबुदाणा वडा आणि पीयूष. सेनाभवनासमोर आस्वाद, तिथेही उपासाचं मिळतं. दोन्ही ठिकाणं एकाच टापूत. एक टॅक्सी करून तिकडे जायचं, मग पार्काच्या कठड्यावर बसायचं, वाटलं तर चौपाटी. सोमवारी सकाळी दोन्हीकडे एक फोन करायला मात्र विसरू नका.

पाटील, ब-२०३: आस्वादची मिसळ लंडनला पहिली आली होती म्हणतात, २०१५ मध्ये. ती नाही खायची तर आस्वादला जाऊन काय उपयोग?

झोपे वहिनी, ब-३०२: पाटील भाऊ, ती मिसळ काका खातील. काकू वडा खातील. एकाच टेबलावर दोघांचं होतंय, हेच तर पाहिजे.

भंगाळे काका, ब-१०१: इनोव्हा असती तर मंगळवारी सिद्धिविनायक पण झालं असतं.

जोशी ताई, अ-४०४: मंगळवारीच सगळी मुंबई तिथे असते काका. सोमवारीच जाऊ द्या, दादरहून टॅक्सीने जवळ आहे.

सेक्रेटरी: कृपया लक्षात घ्या, व्हॉल्व्हचा विषय रविवारच्या मीटिंगमध्ये आहे.

राणे, क-१०३: मागच्या रविवारीही मीटिंगमध्येच होता.

महाजन काका, अ-३०३: नमस्कार. मी पण या ग्रुपवर आहे. गुरुवारचं भजन संपवून आत्ता आलो, सगळं वाचलं.

महाजन, अ-३०३: बाबा, तुम्ही तर ग्रुप म्यूट केला होता ना!

महाजन काका, अ-३०३: मोटारीची वेळ पाहायला उघडला. राहू दे. जोशी ताईंना एक विचारतो. ते बोर्डिंग म्हणालात ते कसं आहे? केळीच्या पानावर वाढतात तेच का? मी नोकरीत असताना ऑफिसच्या कामाला एकदा तिथे जेवलो होतो.

जोशी ताई, अ-४०४: तेच काका. १९४२ चं, माटुंगा स्टेशनला लागून. पानावर वाढतात, भात, सांबार, रसम, भाज्या, पुन्हा पुन्हा विचारत येतात. पण ते वरच्या मजल्यावर आहे, जिना चढावा लागतो. म्हणून मी नीट सांगितलंच नाही.

महाजन काका, अ-३०३: मला तिला तिथेच न्यायचं आहे. आमच्या घरात पंगत उठल्याशिवाय ती कधी जेवली नाही. आईच्या वेळी नाही, मुलांच्या वेळी नाही, आता नातवंडांच्या वेळीही नाही. गरम भाकरी ताटात पडते ती नेहमी दुसऱ्याच्या. एकदा तिने बसावं, आणि कुणीतरी वाकून तिला विचारावं, आणखी भात वाढू का. एवढंच माझ्या मनात आहे. बाकी तुम्ही ठरवाल तिथे जेवू.

चौधरी काकू, अ-२०१: काका, 🙏🙏

झोपे वहिनी, ब-३०२: रविवारी न्या मग. ठरलं.

महाजन, अ-३०३: पण जिना बाबा.

महाजन काका, अ-३०३: मी काकू बोलतेय, ह्यांच्या फोनवरून. माझ्या गुडघ्यावर पूर्ण सोसायटीने बोलायची गरज नाही. सातपुड्यातल्या मनुदेवीच्या पायऱ्या चढते मी. कठडा असला की झालं. आणि दुपारी गर्दीच्या आधी गेलं की मागच्यांची घाई पण नसते.

जोशी ताई, अ-४०४: बरोबर काकू. साडेअकरापर्यंत पोहोचा. त्या दिवशी सकाळी राम आश्रयला फक्त कॉफी आणि थोडा शिरा, नाहीतर पानावर जेवण जाणार नाही.

पाटील, ब-२०३: मासे राहिलेच.

सोनवणे, क-४०२: मासे तापीचे खाऊ पाटील साहेब, मंगळवारी. आणि काकू, थंडीत भरिताला तुम्ही फक्त बसायचं. भाजणार मी, वाढणार मी.

महाजन, अ-३०३: तर असं: शनिवारी रात्री अमरावती. रविवारी सकाळी राम आश्रय, दुपारी बोर्डिंग, संध्याकाळी पाच उद्यानं, रात्री जमलं तर कॅफे मद्रास. सोमवारी सिद्धिविनायक, प्रकाश किंवा आस्वाद, शिवाजी पार्क. रात्रीच्याच अमरावतीने परत. तिकिटं आजच काढतो. अडचण एकच, ती गाडी जळगावला मध्यरात्र उलटल्यावर येते आणि माझी त्या दिवशी भुसावळला नाइट आहे.

भंगाळे काका, ब-१०१: मी जातो घ्यायला. पीएनआर पाठव, गाडी कुठवर आली ते पाहून निघतो. स्टेशनवर तरी रिक्षा करू देणार नाही मी त्यांना.

महाजन काका, अ-३०३: भंगाळे भाऊ, आभार. दूधवाल्याला रविवार-सोमवार दोन दिवस बंद सांगितलं आहे, पण तो विसरतो. पिशवी दारात दिसली तर चौधरी काकूंनी घेऊन ठेवावी, ही विनंती.