तेरडा-कुर्डूचं बी पेरलं, आलं फक्त गवत!

मुंगीपावलं: मधमाश्या-फुलपाखरांसाठी 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद वाफा केला. रानातून जमवलेलं तेरड्याचं, कुर्डूचं बी बोटभर खोल पेरलं, कौतुकानं शेणखतही घातलं. तीन आठवडे झाले, गवतच जोरात. रोज उपटतेय. बी खराब होतं का? 'रानफुलं' लिहिलेलं एक पाकीटही आणलंय, ते टाकू?

पडीकमाळी: बी बिचारं काय करणार! कुर्डूचा दाणा मोहरीहून लहान. बोटभर खाली गाडला तर वर येईपर्यंत त्याची शिदोरी संपते. कोरड्या वाळूत कालवून भुरभुरा, तळहाताने दाबा, बास. कुठे पडलं तेही वाळूमुळे दिसतं. खत मुळीच नको. ही हलक्या जमिनीतली झाडं, खाऊन-पिऊन नुसता पाला वाढवतात, आणि गवत त्यांच्याहून माजतं. मी तर पेरणीआधी पंधरा दिवस रिकामा वाफाच भिजवतो. दडलेलं तण उगवलं की खुरप्याने वरवर खरवडायचं. खोल खणलंत तर खालचं बी पुन्हा वर येतं.
पाकिटावरची नावं वाचा. माझ्यात निम्मा कॉसमॉस निघाला, मूळचा मेक्सिकोचा. माश्या येतात त्यावरही, पण पुढच्या वर्षी तो कुणाला जागा देत नाही.

दुपारचीसावली: मुंगीपावलं, रोज उपटताय ते गवतच ना? मी एका कुंडीत प्रत्येकाच्या पाच-पाच बिया पाटी लावून पेरते. तसलं रोप वाफ्यात दिसलं की हात मागे.

मुंगीपावलं: अरे देवा. जाड, रसाळ देठाची, गोलसर पानांची मूठभर तरी उपटली. चिमटीत फुटायची.

पडीकमाळी: तो तेरडाच! म्हणजे बी उत्तम आहे. उरलेलं आजच टाका. वाफ्याचा एक कोपरा उघडा राहू द्या, निळ्या पट्ट्यांच्या माश्या जमिनीत बिळं करतात. त्यांची जीभ लांब, तेरड्याच्या फुलामागच्या शेपटीतला मध त्यांना पोचतो. पुढे बी धरताना तेरड्याच्या फुगलेल्या बोंडाला आधीच मलमलची पिशवी बांधा, हात लागताच फुटतं ते. कुर्डू खालून वर फुलतो, त्यामुळे शेंड्यावर माश्या असतानाच बुडाशी बी तयार असतं.

मुंगीपावलं: मूठभर बी उरलंय. आधी कुंडी पेरते आणि सासूबाईंना दाखवते. निम्मं गवत त्याच उपटतात!