वाड्यातली दुकानं आणि सागवानी सांगाडा

काही जण म्हणतात की पेठेतल्या जुन्या वाड्यांना खालची दुकानं नंतर भिंती फोडून केलीत. काही ठिकाणी झालंय तसं, पण सरसकट नाही हो. पुण्यात रविवार पेठेसारख्या बाजाराच्या भागात रस्त्याकडचे खण, म्हणजे दोन खांबांमधल्या जागा, मुळातच दुकानासाठी ठेवायचे, दगडी जोतं, त्यावर ओटा, मग गाळा, आणि बाजूच्या चिंचोळ्या बोळातून आत चौक आणि बिऱ्हाडं.

हे जमायचं कारण म्हणजे सगळा भार सागवानी खांब आणि तुळया (खांबांवरची आडवी लाकडं) यांच्या सांगाड्यावर, मधली वीट-माती नुसती भरणी, त्यामुळे दर्शनी बाजू पूर्ण उघडी ठेवली तरी वरच्या माडीला काही होत नाही.

आमच्या आजोबांच्या दुकानाला शटर नव्हतं, फळ्या होत्या. उंबऱ्याला आणि वरच्या पट्टीला खाच, एकेक फळी त्यात सरकवायची, प्रत्येकीवर आकडा कोरलेला, कारण पावसाळ्यात लाकूड फुगलं की तीनची फळी चारच्या जागी जायचीच नाही! शेवटच्या फळीला कडी आणि कुलूप.

आता लोक दुकान मोठं करायला मधला खांब काढून गर्डर टाकतात ते बघून जीव तुटतो. त्यात १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, मालकाला डागडुजी परवडेना, कौलं फुटली की पाणी थेट तुळईच्या टोकात मुरतं आणि ते टोक भिंतीत असल्यामुळे कुजलेलं दिसतही नाही. तुमचा वाडा असेल तर आधी तिथे टोचून बघा, रंगरंगोटी नंतर.