लाइनआउटच्या आधी दाराचं माप

छोटू: सगळ्यांना नमस्कार. लातूरला औसा रोडच्या प्लॉटवर सोमवारी घराचं लाइनआउट आहे, म्हणजे कॉलम कुठं येणार त्याच्या रेघा जमिनीवर मारणार. ठेकेदार म्हणायलाय, गाडीसाठी दोन कॉलमच्या मधे आठ फूट सोडतो, शटरचं काय ते घर झाल्यावर बघू. आठ फूट पुरतंय का? आणि दार कशाचं करावं? लोखंडी शटर, अ‍ॅल्युमिनियम का लाकडी? दादा, आप्पाकाका, सांगा.

ताई: गाडी कोणती ठेवणार आहेस?

छोटू: सध्या स्विफ्टच आहे. दोन-तीन वर्षांनी मोठी घेऊ.

दादा: छोटू, त्याला आठ फुटांची दोरी ओढू देऊ नको. मी परभणीत हेच केलं अन् एका दाराला दोनदा पैसे घातले. लांब लिहायलोय, पण सगळं वाच.

कॉलम ते कॉलम आठ फूट म्हणजे ९६ इंच. दोन्ही बाजूंचं प्लॅस्टर मिळून दीड इंच गेलं. शटरचे चॅनेल, म्हणजे शटर ज्यातून वर-खाली सरकतं त्या बाजूच्या पट्ट्या, कॉलमच्या मधे बसवले तर तीन-तीन इंच आणखी गेले. राहिले सात फूट साडेचार इंच. स्कॉर्पिओ-एन १९१७ मिमी रुंद आहे, म्हणजे सहा फूट साडेतीन इंच, अन् तेही आरसे सोडून. दोन्ही आरशांचा मिळून फूटभर धर. उरला एक इंच. रोज एका इंचात गाडी घालणार आहेस का?

उंचीत तर माझी पुरती फसगत झाली. बीमखाली सात फूट होतं, मला वाटलं भरपूर झालं. शटर गुंडाळल्यावर त्याचा रोल वर मावतो, त्याला सव्वा फुटाच्या आसपास जागा लागते, हे मला कुणीच सांगितलं नाही. शटरवाल्यानं माप घेतलं, पण गाडी कोणती हे एकदाही विचारलं नाही. ८४ इंचांतून रोलचे १४ गेले, राहिले ७०. बोलेरो १८८० मिमी उंच, म्हणजे ७४ इंच. नवीन शटर, नवीन रंग, अन् गाडी चार इंचांसाठी लिंबाखाली उभी. शेवटी रोल काढून बाहेरच्या अंगाला बीमच्या वर घेतला, त्यावर पत्र्याचा डबा केला. पावसाळ्यात त्या डब्यावर पाणी वाजतं तेव्हा अजून जिवाला लागतं.

छोटू: बाप रे. हे तू कधी बोलला नाहीस.

दादा: तेव्हा सांगायची लाज वाटली. तू मात्र दहा फूट सोड. समोरची गल्ली २० फुटी आहे, गाडी सरळ येत नाही, वळवून घ्यावी लागते. चॅनेल कॉलमच्या मागून, आतल्या अंगाला लावून घे, म्हणजे दाराची रुंदी खात नाहीत. उंची मोजायची ती तयार फरशीपासून. कोबा अन् पार्किंग टाइल मिळून तीन-चार इंच वर येतात. त्या फरशीपासून बीमची खालची बाजू साडेनऊ फुटांवर ठेव. रोल जाऊन आठ फूट मोकळे राहतील, वर कॅरिअर लावलं तरी गाडी जाते.

वहिनी: दादा, मला एक विचारायचंय. पुढं दोन गाड्या होतील. प्लॉट चाळीस बाय साठ आहे. मग एकच सोळा फुटी शटर केलं तर? मधे कॉलम नको, दिसायलाही मोकळं वाटेल.

भाचा: मामी, मी सांगतो. सोळा फूट म्हणजे जवळपास ४.९ मीटर. शटरची रुंदी साडेतीन मीटरच्या आत असली की ०.९ मिमीच्या पट्ट्या चालतात, त्याच्या पुढं १.२५ मिमी घ्याव्या लागतात. वजन वाढतं, हातानं उचलवत नाही, मग मोटर लागतेच. वाऱ्यात मधे फुगतं ते वेगळंच. त्यापेक्षा दोन स्वतंत्र दारं करा. एक बंद पडलं तरी दुसऱ्यानं गाडी निघते.

आणि वर बेडरूम आहे. तिच्या भिंतींचा भार त्या सोळा फुटी बीमवर येणार. २००१ साली २६ जानेवारीला भुजचा भूकंप झाला, तेव्हा अहमदाबादेत खाली पार्किंगसाठी मोकळ्या सोडलेल्या कितीतरी इमारती पडल्या. वर भिंती भरलेल्या अन् खाली नुसते कॉलम, अशा घरात हादरा बसला की सगळा ताण खालच्या मजल्यावर येतो. मधला कॉलम अजिबात काढू नका.

आप्पाकाका: पोरगा बरोबर बोलायलाय. सूनबाई, तुम्हाला घर मोकळं दिसावं वाटतं, ते मला कळतंय. पण १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी औशात अंगणात पळालो होतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. दुसऱ्या दिवशी किल्लारीला गेलो. तिथं दगड-मातीच्या जाड भिंती होत्या, तुमचं आरसीसी आहे, हे मान्य. तरी लातूर जिल्ह्यात घर बांधताना खालचा मजला पोकळ ठेवायला माझं मन घेत नाही. इंजिनिअरला स्पष्ट सांगा, मधे कॉलम पाहिजेच.

वहिनी: कळलं काका. दोन दारंच करू.

आत्या: शटर म्हणजे दुकानासारखं दिसतं रे. सागवानाचं दोन झडपांचं दार करा की. घराला शोभा येते.

ताई: आत्या, आमच्याकडं नांदेडला सागवानाचंच आहे. जुलैत फुगतं, खांदा लावून ढकलावं लागतं. एप्रिलमध्ये इतकं आकसतं की दोन फळ्यांच्या मधून रस्ता दिसतो. गेल्या साली चौकटीच्या खालच्या टोकाला हात लावला तर आतून नुसता भुगा, वाळवीनं वरचा रंग तेवढा ठेवला होता. घराचं मुख्य दार सागवानाचं करा, गाडीचं नको.

छोटू: मग अ‍ॅल्युमिनियम?

दादा: गंजत नाही, हलकं आहे, पण गाडीचा बंपर नुसता टेकला तरी खड्डा पडतो. साधं लोखंड घेतलंस तर रेड ऑक्साइड अन् ऑइलपेंट करत बस. जीआय घे, जस्ताचा थर असतो. बॉल बेअरिंग मागून घे, आईलाही एका हातानं उचलता आलं पाहिजे.

वहिनी: दार पश्चिमेला आहे. मे महिन्यात ४२-४३ ला पत्रा तापणार. दोन पत्र्यांच्या मधे फोम असलेलं, वर सरकणारं दार मी बघितलंय.

भाचा: उष्णता तेच चांगलं अडवतं मामी. ते दार स्लॅबखाली आडवं जाऊन थांबतं, त्यामुळं तिथं पंखा-दिवा लावता येत नाही. त्याची स्प्रिंग पूर्ण ताणात असते, तुटली तर घरी हात घालायचा नाही, माहितगार माणूसच पाहिजे. खर्चही बराच जास्त आहे.

आप्पाकाका: आणि सोयाबीन कुठं ठेवणार? दिवाळीच्या आधी भाव पडलेला असतो, चाळीस-पन्नास कट्टे तिथंच थप्पी लागणार. सगळं भोकाचं शटर नको, झड आत येईल. सगळं बंद नको, आत कोंदटेल. वरचे दोन फूट भोकाच्या पट्ट्या, खाली बंद. तळाला रबरपट्टी लावायचीच. प्लॉटच्या मागं अजून रान आहे, उंदीर येतात अन् उंदराच्या मागं जनावर येतं.

छोटू: हे पटलं. मोटरचं?

दादा: आता नको. पाइप अन् पॉइंट तेवढा टाकून ठेव. पुढं बसवलीस तर लाइट गेल्यावर हातानं उघडायची सोय असलेलीच घे.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. आपली जमीन काळी आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कॉलमचा पाया मुरूम लागेपर्यंत खाली ने अन् उंबऱ्याखालून कॉलम एकमेकांना बीमनं बांधून घे. एक कॉलम अर्धा इंच कलला तरी शटर चॅनेलमध्ये अडकतं, मग कितीही ग्रीस लाव.

छोटू: ठेकेदाराशी बोललो. दहा-दहाची दोन दारं, मधे कॉलम. तो म्हणाला, पुढची खोली लहान होईल. म्हटलं होऊ दे. आज संध्याकाळी चुन्यानं रेघा मारल्या, कडेला विटा रचल्या अन् गल्लीतून वळवून स्विफ्ट आत घेतली. एकदाही मागं घ्यावी लागली नाही.

दादा: शाब्बास. आता रविवारी मी बोलेरो घेऊन येतो. त्याच रेघांतून घालून बघू. तोवर विटा हलवू नको.